सुटणारी खळ

तीनवारने नरसाळं उजव्या हाताने उंच धरलं, डाव्या हातातला हातोडा टेबलावर टेकवला, तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

नरसाळं उत्तम होतं. पितळेचं, कुठे पोचा नाही, धरायला बाजूला कान. वर रुंद, खाली चिंचोळं, तेल एका बाटलीतून दुसरीत ओतताना लागतं ते. हे सगळं त्याला ठाऊक होतं. घरोघरी ते कुठल्या खणात सापडतं, पितळेचं जाऊन प्लास्टिकचं केव्हा आलं आणि त्यात माणसाचं काय नुकसान झालं, यावर तो तासभर बोलला असता. फक्त त्याला म्हणतात काय, हे जिथे असायला हवं होतं तिथे गुळगुळीत भिंत होती. तो तिच्यावर हात फिरवत होता आणि दाराची कडी सापडत नव्हती.

गोदामात माणसं खुर्च्यांवर बसून वर बघत होती. खुर्च्याही विकायच्याच होत्या. त्यांची पाळी यायला अवकाश होता म्हणून लोकांना बसायला मिळालं होतं.

जुन्या घरगुती सामानाचा लिलाव हा तीनवारचा वडिलार्जित धंदा. ‘एकवार, दोनवार, तीनवार’ पुकारून पुकारून खरं नाव मागे पडलं होतं आणि लग्नपत्रिका सोडली तर ते कुणाच्या नजरेस पडतही नव्हतं. वडिलांनी धंद्याबरोबर एक नियमही मागे ठेवला होता: वस्तूचं नाव तीनदा मोठ्याने घेतल्याशिवाय बोली उघडायची नाही. वडिलांनी एकदा घाईत ‘ही वस्तू, ही वस्तू’ म्हणून एक तबकडी विकली. घेणाऱ्याने घड्याळ समजून घरी नेली आणि ती हवेचा दाब सांगायला लागली. प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हापासून नाव नाही तर बोली नाही.

"हे काय आहे, कोण सांगेल?" तीनवार अचानक ओरडला. "जो नाव सांगेल, पहिली बोली त्याची!"

"नरसाळं!" मागच्या रांगेतून आवाज आला.

"शाबास! बायकोने कधीतरी तेल आणायला पाठवलेलं दिसतंय. नरसाळं, नरसाळं, नरसाळं! बोला!"

लोक हसले. नरसाळं चांगलं गेलं. त्यापुढच्या दोन-तीन वस्तूंना त्याने मुद्दाम तोच खेळ केला. नावं माहीत असून विचारली, म्हणजे पहिल्यांदाही माहीत होतं असं वाटावं. सगळ्यांना मजा आली. उभ्या आयुष्यात कामाने मिळाल्या नव्हत्या इतक्या टाळ्या त्याला त्या दिवशी मिळाल्या, आणि कोटाच्या आत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

भिंतीशी बसून त्याची बायको पावत्या फाडत होती. ती हसली नाही. तिने चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून कार्बन सरळ केला.

*

सकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली, "अहो, कुणी अरब व्यापारी आहे म्हणे. जुनं सामान कंटेनर भरभरून नेतो."

"कुठला?"

"आहे कुणीतरी. आपल्याकडेही येईल म्हणतात. चार शब्द त्याच्या भाषेतले आले तर बरं पडेल, नाही का? भांडीकुंडी, खुर्च्या, एवढंच. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर शिकवतील. तिकडच्या हॉस्पिटलात त्यांनी अर्धी नोकरी काढलीय."

या वयात नवीन भाषा म्हटल्यावर तीनवारने एरवी कपाळाला हात लावला असता. मोबाइलवर फोटो कसा पाठवायचा हे शिकवताना मुलीने दोनदा जेवण सोडलं होतं. पण तो इतक्या तत्परतेने "हो" म्हणाला, की चहा बशीत सांडला. त्याच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहिलं होतं. घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी. चिठ्ठीवर वर अरबी शब्द आपल्या लिपीत, मोठ्या अक्षरांत, आणि खाली आपला शब्द, बारीक. कुणी विचारणार नाही. भाषा शिकणारा माणूस चिठ्ठ्या लावतोच.

"खाली आपला शब्द कशाला?" पहिल्या दिवशी बायकोने विचारलं. तो खुर्चीच्या पाठीवर ‘कुर्सी’ चिकटवत होता.

"तुला कळावं म्हणून."

"हो, मला खुर्ची ओळखू येत नाहीच," ती म्हणाली, आणि कागद कापायला कात्री घेऊन बसली.

चिकटवायला तिने डिंकाची बाटली काढली. तीनवारने ती परत ठेवायला लावली. डिंकाचा डाग लाकडावरून जात नाही, पॉलिश मारलं तरी चौकोन दिसतो, आणि चौकोन दिसला की घेणारा भाव पाडतो. कणकेची खळ करावी. ओल्या फडक्याने चिठ्ठी अलगद सुटते, मागे काही राहत नाही.

"आपलं घर लिलावात काढलंत की काय?"

"सवय आहे," तो म्हणाला आणि हसला. हसणं जरा लांबलं.

सवयीपेक्षा अधिक काही होतं. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्याच्या घरचं सामान त्याने विकायला घेतलं होतं. मुलं घर आवरत होती. आत पाऊल टाकलं तर कपाटावर ‘सदरे’, खणावर ‘चमचे’, दुसऱ्या खणावर ‘इथे काही नाही’, न्हाणीघराच्या दारावर ‘न्हाणीघर’. सगळं एका हातचं; पहिली अक्षरं ठसठशीत, पुढची थरथरती, आणि काही चिठ्ठ्यांवर नुसत्या रेघा. त्या चिठ्ठ्या डिंकाने लावल्या होत्या. तीनवार आणि त्याचा हमाल धक्का दोघं दुपारभर सुरीने त्या खरवडत बसले. धक्का हे नाव, जड सामान नेताना तो सगळ्या जगाला "धक्का लागेल!" म्हणून सांगत जाई त्यावरून पडलेलं. खरवडताना त्याने मोठ्या मजेत एकेक चिठ्ठी वाचून दाखवली होती आणि तीनवारही मोठ्याने हसला होता. तो म्हातारा स्वतः मध्येच येऊन उभा राहिला होता, स्वच्छ दाढी केलेला, हसतमुख. "बसा ना," तो तीनवारला म्हणाला. "कुणाकडे आलात आपण?"

तो आवाज तीनवारला आताशा रोज ऐकू येई. सकाळी जाग आली की तो डोळे मिटूनच खोली मोजायचा: उशी, पंखा, खिडकी, पडदा, कंदील. कंदील त्यांच्याकडे नव्हता. पण तो शब्द जाग्यावर आहे ना, एवढं पाहून घ्यायचं. एखादा नसला की तो उठून चप्पल न घालताच त्या वस्तूपाशी जाई, चिठ्ठी वाची, आणि पाणी प्यायला उठलो होतो असा चेहरा करून परत येई.

डॉक्टरकडे जायचा विचार त्याने केला होता. पण डॉक्टर नाव देणार. आणि नाव एकदा पुकारलं की पुढे काय उघडतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

*

सिस्टर शिकवायच्या ते इंजेक्शन दिल्यासारखं. हात धरायचा, टोचायचं, पुढचा.

"म्हणा. मिलअका."

"मिलअका."

"काय आहे?"

"चमचा."

"मिफ्ताह."

"मिफ्ताह. किल्ली."

"सिक्कीन."

"सुरी. सिस्टर, तुम्ही पेशंटलाही असंच विचारत होतात का?"

"पेशंट जास्त ऐकायचे, काका. कुर्सी, सुंदूक, साबून हे शब्द तुम्हाला फुकट आहेत, तिकडचे तेच इकडचे. त्यांचा सराव नाही केला तरी चालेल."

तीनवारने सराव त्यांचाच जास्त केला. हे शब्द दोन भिंतींत खिळे मारून टांगल्यासारखे होते. एक निसटला तरी दुसरा धरून ठेवील. बाकीच्यांचं त्याला कळत नव्हतं. अरबी शब्द कालच आलेले पाहुणे, पण बोलावले की ताडकन उभे राहत. जन्मापासून घरात असलेले मात्र कुठल्या खोलीत जाऊन बसत कोण जाणे.

एके दुपारी सिस्टरांनी टेबलावर कात्री ठेवली. ठेवताना ती अशी ठेवली, की चिठ्ठी खाली गेली.

"मिकस्स," तीनवार लगेच म्हणाला.

"वा! आणि आपल्यात?"

"आपल्यात मी केव्हाच पास झालोय, सिस्टर. आपलं विचारायचं नाही."

"विचारायचं. काकूंनी सांगितलंय ना, दोन्हीकडून घ्या म्हणून. पहिल्याच दिवशी सांगितलंय."

स्वयंपाकघरातला नळ वाहत होता. तो बंद झाला.

तीनवार कात्रीकडे बघत राहिला. दोन पाती, मध्ये खिळा, बोटं घालायला कडी. कापड, कागद, केस. न्हावी, शिंपी. तो मनाने सगळ्यांच्या दुकानात जाऊन आला. सगळीकडे ती होती आणि कुणी तिला हाक मारत नव्हतं. त्याने टेबलाखाली दोन बोटं उघडमिट केली. एकदा, पुन्हा, पुन्हा.

"कात्री," तो म्हणाला.

"बरोबर," सिस्टर म्हणाल्या. जरा जास्तच चटकन. नर्सबाया थर्मामीटर झटकत ‘काही नाही, किंचित आहे’ म्हणतात तो आवाज होता.

नळ पुन्हा सुरू झाला.

त्या दिवसापासून भीतीला दोन तोंडं फुटली. पहिलं त्याचं त्याला माहीत होतं. दुसरं हे, की तिला माहीत आहे का? तो चोरून तिच्याकडे बघू लागला आणि त्याला वाटू लागलं, की तीही चोरून बघतेय. "जरा ते द्या" असं ती पूर्वी म्हणायची. आता "जरा तो डबा द्या, निळ्या झाकणाचा" म्हणते. हे नवीन की आधीपासूनचंच? विचारायची सोय नव्हती. विचारणं म्हणजे पुकारणंच. अरब व्यापाऱ्याचा विषयही तो काढत नव्हता. व्यापारी अजून आला नव्हता, त्याचा फोन आला नव्हता, त्याला पाहिलेला माणूस भेटला नव्हता. पण शिकवणी चालू होती आणि दोघांपैकी कुणालाच त्याची घाई नव्हती.

*

पुढचा लिलाव एका मोठ्या कुटुंबाच्या सामानाचा होता. गर्दी दांडगी झाली. नाव ओळखायच्या खेळाची बातमी पसरली होती. लोक मुलाबाळांसकट आले होते.

धक्काने गठ्ठ्यातून एक चाळणी काढून त्याच्या हातात दिली. मोठी, लाकडी कड्याची, बारीक तारेची.

"घिर्बाल!" तीनवार गरजला.

शब्द इतका ठणठणीत बाहेर पडला, की क्षणभर त्याला वाटलं, झालं, आलं नाव. मग समोरचे चेहरे दिसले.

"हे काय आणि?" पुढच्या रांगेतला भंगारवाला म्हणाला.

"अरबी आहे. आपण आता परदेशी मालाला परदेशी नावाने हाक मारतो," तीनवार म्हणाला. हशा झाला. त्याने त्या हशाच्या आडोशाने मागे वळून पाहिलं. भिंत होती. तीच गुळगुळीत, लांबच लांब. "आता आपल्या भाषेत हे काय, कोण सांगेल? पहिली बोली त्याची!"

लोकांना खेळ पाठ झाला होता. पाठ झाला की माणसं स्वतःची भर घालतात.

"टोपी!" कुणीतरी ओरडलं.

"डफ!"

"पौर्णिमेचा चंद्र!"

"अहो, नीट सांगा," तीनवार म्हणाला.

"आज आम्ही नाही सांगणार!" भंगारवाल्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "दर वेळी आम्हीच का? आज काका सांगणार. काय मंडळी?"

मंडळींना ते फार आवडलं. टाळ्या तालात पडू लागल्या. तीनवारने चाळणी आणखी वर धरली. तारेच्या जाळीतून छताचा पत्रा बारीक बारीक चौकोनांत दिसत होता. टाळ्या हळूहळू विरळ झाल्या. कुणीतरी खाकरलं. हसणारे चेहरे हसतच होते, पण त्यातला एकेक जण शेजाऱ्याकडे बघू लागला होता. धक्काने पुढची वस्तू उचलली होती; त्याने ती परत खाली ठेवली. तीनवारला दिसलं, की धक्का त्याच्याकडे त्या नजरेने बघतोय, ज्या नजरेने दोघांनी मिळून खणावरची ‘इथे काही नाही’ ही चिठ्ठी वाचली होती.

‘बसा ना,’ असं म्हणायला त्याचे ओठ विलग झाले.

"चाळणी," भिंतीकडून आवाज आला. "माझी बोली."

बायको पावतीपुस्तक मिटून उभी राहिली होती. लिलाववाल्याच्या घरच्यांनी बोली लावायची नाही, हा वडिलांचा दुसरा नियम होता, आणि तो आजवर कुणी मोडला नव्हता. मग भंगारवाला खो खो हसत सुटला.

"वहिनी, घरात चाळणी नाही का?"

"आहे. तिचा काठ गेलाय. तुम्ही वाढवताय का बोली, की पुढे जायचं?"

"छे, छे, वहिनींच्या वर कोण जाणार!"

"चाळणी," तीनवार म्हणाला. आवाज आला ते पाहून त्याने दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं आणि हातोडा मारला.

त्यानंतर ती बसली नाही. धक्काने छत्री उचलली आणि ती तीनवारच्या हातात पोचायच्या आत "छत्री, माझी बोली" झालं. मग "पाट, माझी बोली." मग "अडकित्ता." प्रत्येकच वस्तू ती घेत नव्हती. तीनवारने हात पुढे केला, की ती त्याच्या तोंडाकडे बघे. ओठ हलू लागले तर थांबे, नाही हलले तर बोले. कुणी तिच्यावर बोली चढवली, तर ती आनंदाने सोडून देई. नाव तर पुकारून झालेलं असे.

"वहिनी नवा संसार थाटतायत वाटतं!" कुणीतरी म्हणालं.

"हो ना," ती म्हणाली. "जुना यांनी विकायला काढला होता."

गोदाम हसलं. तीनवारही हसला. पण त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

*

संध्याकाळी धक्काने सगळं हातगाडीवरून घरी आणून टाकलं आणि जाताना "येतो, काका," म्हणाला. एरवी तो नुसताच जायचा.

टेबलावर चाळणी, छत्री, अडकित्ता, झाकण नसलेली किटली. पाट जमिनीवर. बायकोने दिवा लावला, कागद कापले आणि लिहायला बसली. तीनवार समोर बसला. ती चिठ्ठ्या लिहीत होती, पण उलट्या. आपला शब्द वर, मोठा, लांबून दिसेल असा. खाली काहीच नाही.

त्याने लिहून झालेली ‘चाळणी’ची चिठ्ठी आपल्याकडे ओढली.

"खालचं राहिलं," तो म्हणाला.

"काय?"

"अरबी. तो व्यापारी आला तर?"

"कुठला—" ती म्हणाली आणि थांबली. पेन तिच्या हातात तसंच राहिलं. मग तिने ते उलटं करून त्याच्यापुढे धरलं. "आला तर लागेलच की. लिहा तुम्ही."

त्याने ‘चाळणी’खाली बारीक अक्षरांत ‘घिर्बाल’ लिहिलं. लिहिताना तो वरचा शब्द ओठांत म्हणत होता. ते ऐकू येण्याइतकं घर शांत होतं.

तिने चाळणीचा लाकडी काठ पदराने पुसला आणि खणातून बाटली काढली. तीनवारने बाटली ओळखली.

"हा डिंक आहे."

"हो."

"खळ करायची होती. हे निघणार नाही. डाग राहील."

"राहू दे."

"पुढे मग कुणी घेताना—"

"हे कुणी घेणार नाहीये," ती म्हणाली. तिने चिठ्ठी लावली, वर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. डिंक वाळायला वेळ लागतो. तीनवारने छत्री ओढून मांडीवर घेतली, तिच्या मुठीवर फुंकर घातली आणि पुढच्या चिठ्ठीसाठी जागा पुसायला लागला.